प्रोबेट, न्यायालय शुल्क आणि परताव्याचा हक्क

(इंदूर परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील नव्हे. न्यायालयाच्या कचेरीत नकलनवीस म्हणून रुजू झालो व नाझर म्हणून निवृत्त झालो. म्हणजे कायद्याचा अर्थ लावण्याचे काम माझ्याकडे कधीच नव्हते. अर्ज घेणे, शुल्क मोजणे, तिकिटे रद्द करणे आणि नकला देणे एवढेच माझे काम. तथापि ज्या खिडकीशी लोक पैसे भरतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूस तीस-पस्तीस वर्षे बसलेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात. त्यांपैकी एक ही की, मृत्युपत्राच्या प्रकरणी लोक शुल्क भरतात ते अंदाजाने, आणि जास्त भरलेले परत मागतात ते फार उशिरा, किंवा मुळीच मागत नाहीत. आजचा विषय त्यासाठीच निवडला आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. मृत्युपत्र खरे आहे असे न्यायालयाने ठरवून, त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती जे शिक्क्याचे पत्र दिले जाते ते प्रोबेट. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला नसेल, किंवा मृत्युपत्रच नसेल, तर मिळकतीची व्यवस्था पाहण्यासाठी जे पत्र मिळते ते व्यवस्थापनपत्र. मयताची येणी व रोखे वसूल करण्यापुरता जो दाखला मिळतो तो वारसा दाखला. तिन्हींचे शुल्क निरनिराळ्या कलमांखाली येते, आणि ही तिन्ही एकच समजल्यामुळे कित्येकांचे पैसे दोनदा गेलेले मी पाहिले आहेत.

आता पहिला प्रश्न. प्रोबेट घेतलेच पाहिजे काय? आपल्या माळव्यातील हिंदू कुटुंबांना, मिळकत येथलीच असेल तर, ती सक्ती पूर्वीही नव्हती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 याच्या कलम 213 मधील सक्ती हिंदूंच्या बाबतीत मुख्यतः जुन्या बंगाल प्रांताला आणि मुंबई व मद्रास या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीला लागू होती. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथील ज्या मराठी घराण्यांची गिरगावात किंवा दादरला एखादी खोली असे, त्यांना मात्र तेवढ्या खोलीपायी प्रोबेटच्या मागे लागावे लागे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने निरसन व सुधारणा अधिनियम संमत करून ते कलम 213 वगळले. सक्ती गेली, प्रोबेट राहिले. बँक, गृहनिर्माण संस्था किंवा कंपनी पुष्कळदा ते मागते. भावंडांत मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी कुरबुर असली तर शहाणी माणसे ते आपण होऊन घेतात. शेतजमिनीचे नामांतरण ही निराळी गोष्ट असून तिचा अर्ज तहसीलीत करावयाचा असतो. त्यासाठी प्रोबेट आणा असे कोणी सांगितल्यास ते कोणत्या नियमाखाली, हे विनयाने विचारावे.

येथे एक गैरसमज दूर करतो. सक्ती गेली म्हणून पूर्वी भरलेले शुल्क परत मिळत नाही. परताव्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत आणि त्यांत हे कारण नाही.

आपल्या भागात लागू असलेला मूळ कायदा म्हणजे न्यायालय शुल्क अधिनियम, 1870. त्यात तिसऱ्या प्रकरणानंतर '3-अ' म्हणून एक प्रकरण मागाहून घातले आहे. त्यातील पहिली कलमे 1875 मध्ये व उरलेली 1899 मध्ये आली. कलम 19-अ पासून सुरू होणारे हे छोटे प्रकरण वाचावयास अर्धा तास पुरतो, आणि ज्याच्या घरी मृत्युपत्र आहे त्याने तो अर्धा तास काढावा. कर्नाटक, गुजरात, महाराष्ट्र व तेलंगण येथे राज्यांचे स्वतंत्र अधिनियम आहेत. बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील आपल्या आप्तेष्टांनी तेथील कलमे पाहावीत, कारण कलमांचे क्रमांक व मुदती यांत फरक पडतो. शुल्काचे दरही राज्यागणिक बदललेले आहेत. मूळ केंद्रीय अनुसूचीत एक हजार रुपयांवर दहा हजारांपर्यंत शेकडा 2, तेथून पन्नास हजारांपर्यंत शेकडा अडीच आणि त्यावर शेकडा 3 असा दर होता. दर वरच्या टप्प्यापुरता नव्हे, तर सगळ्या रकमेवर. म्हणजे पन्नास हजारांच्या मिळकतीवर 1,250 रुपये आणि पन्नास हजार शंभरांच्या मिळकतीवर 1,503 रुपये. शंभर रुपयांच्या वाढीस अडीचशेहून अधिक शुल्क! ज्याने हे लिहिले त्याला हिशेब येत नव्हता असे म्हणवत नाही, पण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा त्याने विचार केला नव्हता एवढे खरे. आज आपल्या राज्यात चालू असलेला दर न्यायालयाच्या कचेरीत विचारून घ्यावा. पुढील उदाहरणांत मी हिशेबाच्या सोयीसाठी शेकडा 3 हा दर धरणार आहे.

शुल्क केव्हा भरावयाचे? अर्ज देताना अर्जापुरते ठरावीक लहान शुल्क लागते. मिळकतीच्या किमतीवरील मोठे शुल्क हे प्रोबेट दिले जाण्याबद्दलचे असते. कलम 19-आय असे सांगते की, अर्जदाराने ठरावीक नमुन्यात मूल्यांकन दाखल केल्याशिवाय व शुल्क भरल्याची न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय प्रोबेट देण्याचा हुकूम होऊ नये. याचा व्यावहारिक अर्थ ध्यानात घ्या. पहिल्याच दिवशी दागिना गहाण टाकून सगळी तिकिटे विकत घेण्याचे कारण नाही. हरकतदार उभा राहिला, प्रकरण चार वर्षे चालले आणि शेवटी मृत्युपत्र नामंजूर झाले, तर ती तिकिटे घेऊन तुम्ही कोठे जाणार? तिकिटे परत करण्याचीही पद्धत आहे, पण ती दुसरी यातायात.

आता मूल्यांकन. या व्याख्यानातील मुख्य भाग हाच आहे, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत एक नमुना दिला आहे. त्याला दोन परिशिष्टे आहेत, अ आणि ब. परिशिष्ट अ मध्ये मयताचे जे काही होते ते लिहावयाचे: घरातील व बँकेतील रोकड, भांडीकुंडी, कपडे, पुस्तके, चांदीची भांडी व जडजवाहीर, सरकारी रोखे, स्थावर, भाडेपट्ट्याने धारण केलेली मिळकत, कंपन्यांतील भाग, आयुर्विम्याची रक्कम, गहाणावर व इतर तारणावर दिलेले पैसे, उधारीची येणी, दुकानातील माल, आणि यांत न बसणारे बाकीचे. रोख्यांची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरावयाची आणि व्याज अर्जाच्या दिवसापर्यंत हिशेबून वेगळे दाखवावयाचे. हे परिशिष्ट लोक मन लावून भरतात. तांब्यापितळेच्या भांड्यांचे वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेले मी पाहिले आहे.

परिशिष्ट ब मात्र कोरे असते. नमुन्याच्या त्या पानावर आडवी रेघ मारून 'निरंक' असे लिहिलेले असते. नमुना छापील आणि अर्जनवीस घाईत, त्यामुळे हे घडते. पण वजावट याच परिशिष्टात मागावयाची असते. मयताने देणे असलेले व कायद्याने त्याच्या मिळकतीतून फेडावे लागणारे कर्ज, अंत्यविधीचा खर्च, मिळकतीवरील गहाणाचा बोजा, आणि जी मिळकत मयताच्या नावावर होती पण त्याच्या स्वतःच्या उपभोगाची नव्हती, केवळ विश्वस्त म्हणून त्याच्याकडे होती, ती. हे सर्व एकूण किमतीतून वजा होते व उरलेल्यावर शुल्क पडते.

शेवटच्या बाबीचे उदाहरण आपल्या गावांतलेच देतो. गणेशोत्सवाचा खजिनदार वारतो. मंडळाचे पैसे त्याच्याच नावच्या खात्यात असतात, कारण मंडळाचे खाते उघडण्याचे कोणाच्या मनात आलेले नसते. देवळाची चांदीची प्रभावळ पुजाऱ्याच्या घरच्या कपाटात असते. ही मिळकत मयताची नव्हे. ती परिशिष्ट अ मध्ये आली तर परिशिष्ट ब मध्ये वजा झाली पाहिजे, आणि तिचा पुरावा म्हणून मंडळाची वही किंवा पंचांचे लेख जोडले पाहिजेत. तसेच एकत्र कुटुंबाच्या वाड्यात मयताचा जेवढा हिस्सा असेल तेवढीच किंमत धरावयाची, सगळ्या वाड्याची नव्हे. पत्नीचे स्त्रीधन हे पतीच्या मिळकतीत लिहिण्याचे कारणच नाही. ते कपाट एक असले तरी मालक दोन असतात.

हिशेब करून पाहू. समजा, एका गृहस्थाचे घर 6,00,000 रुपयांचे, बँकेत 1,50,000 आणि दागिने 90,000. एकूण 8,40,000. शेकडा 3 दराने शुल्क 25,200 रुपये. आता परिशिष्ट ब नीट भरले: घरावर गहाण 2,00,000, दुकानदाराचे देणे 20,000, अंत्यविधीचा खर्च 15,000. वजावट 2,35,000. उरले 6,05,000 आणि शुल्क 18,150 रुपये. एका कोऱ्या पानाची किंमत 7,050 रुपये झाली.

हे मी तुम्हांस आज सांगतो. ज्या बाईंना सांगावयास पाहिजे होते त्यांना सांगितले नाही, म्हणून ते येथे सांगणे मला भाग आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. देवासच्या बाजूच्या एका खेड्यातील प्राथमिक शिक्षक वारले. त्यांनी मृत्युपत्र करून पत्नीला व्यवस्थापक नेमले होते. अर्ज बिनहरकत मंजूर झाला. परिशिष्ट ब कोरे होते, आणि घरावर एका पतपेढीचे कर्ज होते. शिक्का झालेले प्रोबेट माझ्याच हातून त्या बाईंना दिले गेले. ते देताना मी कोरे पान पाहिले होते. कर्जाविषयी मला ठाऊक होते, कारण कागदांत पतपेढीची नोटीस जोडलेली होती. पण नकल देणे हे माझे काम, सल्ला देणे नव्हे, असे मी मनाशी म्हटले आणि पुढची पावती फाडली.

बाईंनी दोन वर्षांत बांगड्या विकून ते कर्ज फेडले. नंतर कोणा नातलगाने सांगितले म्हणून त्या पुन्हा आल्या. प्रोबेटच्या तारखेपासून तीन वर्षे चार महिने झाले होते. मी कायद्याचे पुस्तक काढून कलम 19-ब दाखवले. ते कलम असे आहे: व्यवस्थापकाने मयताचे कर्ज मिळकतीतून फेडले आणि ते वजा जाता शुल्क कमी पडले असते असे सिद्ध झाले, तर मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकारी जास्तीची रक्कम परत करू शकतात. मात्र मागणी प्रोबेटच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत झाली पाहिजे. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशीच सांगितलं असतंत तर?" मी अर्ज लिहून दिला. तो मुदतीबाहेर म्हणून नामंजूर झाला, आणि तो निर्णय कायद्यास धरूनच होता. गेलेली रक्कम त्यांच्या दोन महिन्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाएवढी होती. त्यानंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक प्रोबेटच्या पाकिटावर मी पेन्सिलीने 'परतावा: तीन वर्षे' असे लिहीत गेलो. वरिष्ठांनी एकदा विचारले, हे कोणत्या नियमाखाली? मी उत्तर दिले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

या मुदतीला एक अपवाद आहे आणि तो मोलाचा आहे. एखाद्या न्यायालयीन कारवाईमुळे मयताचे कर्ज किती हे ठरले नाही व फेडता आले नाही, किंवा त्याची येणी वसूल होऊन हाती आली नाहीत, आणि म्हणून तीन वर्षांत मागणी करता आली नाही, तर प्राधिकारी योग्य वाटेल तेवढी जादा मुदत देऊ शकतात. धारकडील एका शेतकऱ्याचा सावकाराशी दावा पाच वर्षे चालला. कर्ज किती हाच वाद होता. हुकूमनामा झाला, पैसे फेडले, आणि हुकूमनाम्याची नकल व फेडीची पावती जोडून त्याने अर्ज केला. त्यास जादा मुदत मिळाली व रक्कमही मिळाली. म्हणून दावा चालू असल्यास त्याची कागदपत्रे प्रोबेटच्या कागदांबरोबरच बांधून ठेवावीत.

दुसऱ्या प्रकारचा परतावा कलम 19-अ मध्ये आहे, आणि त्याची मुदत निराळी आहे. येथे कर्जाचा प्रश्न नसतो, किंमतच चुकून जास्त धरलेली असते. उदाहरणार्थ, बँकेच्या लॉकरमधील डबी न उघडता वहीवरून दागिन्यांची किंमत 1,20,000 लिहिली. पुढे सराफाने पाहिले तर निम्म्याहून अधिक मुलामा निघाला आणि खरी किंमत 30,000 भरली. शेकडा 3 दराने 2,700 रुपये जास्त गेले. अशा वेळी खरी किंमत कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत मूळ प्रोबेट आणि शपथपूर्वक केलेली तपशीलवार यादी व मूल्यांकन त्याच महसूल प्राधिकाऱ्यापुढे ठेवावे लागते. खात्री पटल्यास ते जुने तिकीट रद्द करून योग्य तिकीट लावतात आणि फरक परत करतात. सहा महिने मोजले जातात ते खरी किंमत कळल्या दिवसापासून. म्हणून सराफाच्या चिठ्ठीवर तारीख घालून घ्यावी. तारखेवाचून चिठ्ठी आणणारे दहांत आठ असतात. अर्ज कोणत्या मार्गाने पुढे जाईल हे कलेक्टर कचेरीत विचारावे. न्यायालयाच्या खिडकीवर तो घेतला जात नाही, आणि 'तुमचा अर्ज येथे नाही' एवढे ऐकून परत गेलेली माणसे पुष्कळ आहेत. अर्ज येथे नाही, तर कोठे आहे, हे सांगणे आम्हा कर्मचाऱ्यांचे कर्तव्य होते व आहे.

किंमत कमी धरली तर? हे विचारणारे अधिक असतात, जरी ते उघड विचारीत नाहीत. प्रोबेटच्या अर्जाची सूचना न्यायालय कलेक्टरास देते, ही कलम 19-एच ची तरतूद. कलेक्टर कागद पाहू शकतात, किंमत कमी वाटल्यास अर्जदारास बोलावून पुरावा घेऊ शकतात आणि दुरुस्ती न झाल्यास न्यायालयाकडे चौकशीची मागणी करू शकतात. मात्र तेवढ्यासाठी प्रोबेट अडवून ठेवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. चौकशीची मागणी करण्यालाही मर्यादा आहे. व्यवस्थापकाने मिळकतीची यादी न्यायालयात दाखल केल्यानंतर सहा महिन्यांनी ती मागणी करता येत नाही. ही यादी 1925 च्या अधिनियमाच्या कलम 317 प्रमाणे सहा महिन्यांत व हिशेब वर्षाच्या आत द्यावयाचा असतो. ते न देणारे स्वतःचेच नुकसान करून घेतात.

चूक मागाहून स्वतःच्या ध्यानात आली तर गप्प बसू नये. कमी शुल्क भरलेले प्रोबेट वर्षाच्या आत दाखल केले तर योग्य शुल्क व शिवाय त्याच्या पाचपट दंड, वर्षानंतर दाखल केले तर वीसपट, असे कलम 19-ई म्हणते. पूर्वी भरलेले शुल्कही त्यात वळते होत नाही. योग्य शुल्क 18,000 असेल तर पाचपट म्हणजे 90,000 आणि वीसपट म्हणजे 3,60,000. ऐकूनच घाम फुटेल. पण त्याच कलमाच्या परंतुकात सुटका आहे. चुकीने, किंवा अमुक मिळकत मयताची आहे हे त्या वेळी ठाऊक नसल्यामुळे शुल्क कमी भरले गेले, लबाडीचा वा दिरंगाईचा हेतू नव्हता, अशी खात्री पटली आणि खरी किंमत व शुल्कातील तूट कळल्यापासून सहा महिन्यांत प्रोबेट दाखल केले, तर दंड माफ करून केवळ तुटीची रक्कम घेता येते. तूट कळूनही सहा महिने स्वस्थ बसणाऱ्या व्यवस्थापकाला कलम 19-जी प्रमाणे एक हजार रुपये व शिवाय तुटीच्या रकमेवर शेकडा 10 असा भुर्दंड आहे.

शिक्षकमंडळींना एक विनंती. गावात अर्ज तुम्ही लिहिता. मूल्यांकनावर शपथ असते, आणि ती शपथ लिहिणाऱ्याची नसून सही करणाऱ्या विधवेची किंवा म्हाताऱ्याची असते. 'थोडी किंमत कमीच लिहू' असा सल्ला देणारा माणूस पुढे चौकशीत कोठेही दिसत नाही.

एकाच मिळकतीवर दोनदा शुल्क पडू नये याची तजवीजही कायद्यात आहे. सबंध मिळकतीवर पूर्ण शुल्क भरून एकदा प्रोबेट झाले असेल आणि, समजा, व्यवस्थापक वारल्यामुळे त्याच मिळकतीसाठी पुन्हा पत्र घ्यावे लागले, तर त्याच अधिनियमाखाली पुन्हा शुल्क नाही. हे कलम 19-क. पूर्वी काही भागापुरतेच पत्र घेतले असेल, तर त्या भागाचा समावेश असलेले पुढचे पत्र घेताना तेव्हाचे शुल्क वजा होते. त्याचप्रमाणे आधी वारसा दाखला घेतला आणि पुढे मृत्युपत्र सापडून त्याच मिळकतीचे प्रोबेट घ्यावे लागले, तर दाखल्यावर भरलेले शुल्क प्रोबेटच्या शुल्कातून कमी करावे, असे मूळ अनुसूचीतच लिहिले आहे. ही वजावट मागितल्यावाचून दिलेली मी क्वचितच पाहिली. जुन्या दाखल्याची प्रमाणित नकल हाती ठेवून मागावी.

वारसा दाखल्याच्या शुल्काची पद्धत वेगळी आहे. 1925 च्या अधिनियमाच्या कलम 379 प्रमाणे तेथे अर्जाबरोबरच शुल्काएवढी रक्कम अनामत ठेवावी लागते. दाखला मंजूर झाला म्हणजे त्या रकमेतून तिकीट घेतले जाते. अर्ज नामंजूर झाला किंवा रक्कम उरली, तर ती ज्याने ठेवली त्याला परत द्यावयाची असते. ती आपण होऊन कोणाच्या घरी जात नाही. अनामतीची पावती हरवू नये, हे मी नाझर या नात्याने सांगतो.

ज्यांची मिळकत दोन राज्यांत आहे त्यांच्यासाठी एक सूचना. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेले प्रोबेट सामान्यतः राज्यापुरतेच चालते. मयताचे कायम वास्तव्य त्या जिल्ह्यात होते आणि राज्याबाहेरील मिळकत दहा हजार रुपयांहून अधिक नाही असे प्रमाणित झाले, तरच ते देशभर चालते. आजच्या काळी दहा हजारांत पुण्यास काय येते, हे मी सांगावयास नको. उच्च न्यायालयाने दिलेले प्रोबेट मात्र सर्वत्र चालते. अर्ज कोठे करावा हे आरंभीच ठरवले तर दुसऱ्या राज्यातील दुसरा अर्ज, व कदाचित दुसरे शुल्कही, टळते.

आता सूट. मूळ अधिनियमाच्या कलम 19 मध्ये एक हजार रुपयांपर्यंतच्या मिळकतीच्या प्रोबेटला शुल्क माफ आहे. 1870 साली एक हजार रुपयांत बैलजोडीसह शेत येत असेल. आज त्यात बैलाची वेसणही येणार नाही, म्हणून ही सूट केवळ नावाला उरली आहे. कलम 35 प्रमाणे शासन अधिसूचना काढून शुल्क कमी किंवा माफ करू शकते. अशा अधिसूचनांची भाषा बारकाईने पाहावी लागते. 'दाव्यास' माफी असेल तर ती प्रोबेटला लागू आहे असे गृहीत धरू नये, आणि नाही असेही गृहीत धरू नये. वकिलास विचारून लेखी मागणी करावी.

याहून उपयोगी मार्ग विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याचा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहेत. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. या साहाय्यात वकिलाबरोबर न्यायालय शुल्काचाही अंतर्भाव होऊ शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्या प्राधिकरणाची कचेरी असते. त्या देवासच्या बाईंना हे दारही कोणी दाखवले नव्हते.

महाराष्ट्रात ज्यांचे नातलग आहेत त्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. मुंबई न्यायालय शुल्क अधिनियम, 1959 मध्ये दाव्यांच्या शुल्कास 15,000 रुपयांची कमाल मर्यादा होती, परंतु प्रोबेटच्या शुल्कास कोणतीच मर्यादा नव्हती. मिळकत जेवढी मोठी तेवढे शुल्क वाढतच जाई. मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनेच्या कलम 14 विरुद्ध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये, कर्नाटक व राजस्थान येथील शुल्कांविषयीच्या प्रकरणांबरोबर निर्णय देताना, तो कायम केला. मूल्यानुसार शुल्क घेणे ही पद्धतच अवैध आहे असे मात्र सर्वोच्च न्यायालयाने म्हटले नाही. म्हणून प्रोबेटच्या शुल्काला कमाल मर्यादा आहे काय व ती किती, हा प्रश्न त्या त्या राज्याची चालू अनुसूची पाहूनच सोडवावा.

व्याख्यानाआधी एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, अंत्यविधीच्या खर्चाच्या पावत्या कोण ठेवतो? प्रश्न रास्त आहे. लाकडाची, वाहनाची, गुरुजींच्या दक्षिणेची पावती त्या दिवशी मागणे कोणाच्याही जिवावर येते. पण तेराव्यानंतर घरातील कोणी तरी वहीच्या एका पानावर तारीखवार खर्च लिहून काढावा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि ते पान मृत्युपत्राच्या लिफाफ्यातच ठेवावे. कचेरीत असे पान शपथपत्रासोबत पुरावा म्हणून दाखल झालेले मी अनेकदा पाहिले आहे. त्याच लिफाफ्यावर प्रोबेट हाती आल्याची तारीख आणि तिच्यापुढे तीन वर्षांनंतरची तारीख, अशा दोन तारखा शाईने लिहून ठेवाव्यात. पेन्सिलीचे अक्षर पुसट होते.